गाथा कोणी बुडविला?
ग्रंथ आणि बोलपट ताडून पाहण्याची रीत

एका खेड्यांत हरिनाम सप्ताह होता. काल्याच्या आदल्या रात्रीं देवळासमोर पांढरा पडदा ताणून ‘संत तुकाराम’ हा जुना बोलपट दाखविला गेला. तो संपला तेव्हां बायाबापड्या पदरानें डोळे पुशीत होत्या, आणि डोळे पुसावे असाच तो बोलपट आहे. मग एका शिकलेल्या तरुणानें उभें राहून सांगितलें कीं, महिपतीच्या पोथींत जें आहे तेंच यांत आहे. पुढील वर्षापासून पोथी लावून बसण्याचें कारण नाहीं, दोन तासांत सारें उरकतें. लोकांनीं माना डोलाविल्या. पण खांबाशीं टेकून बसलेल्या एका म्हातारीनें विचारलें, “बाळा, पोथींत तुकोबाला कांट्याच्या फांदीनें झोडणारा मंबाजी आहे. तो यांत दिसला नाहीं. तो कुठं गेला?” तरुण म्हणाला, “आजी, ती बारीकसारीक गोष्ट आहे. मुख्य कथा तीच आहे.”

या वादांत आम्ही म्हातारीच्या बाजूचे आहों. तिला अक्षर येत नसेल, पण पारख येते. तरुणाला अक्षर येतें. पण एकाच विषयावरचा ग्रंथ आणि बोलपट शेजारीं ठेवले म्हणजे त्यांतलें साम्य कोणतें मोजावें आणि भेद कोणता धरावा, हें त्याला कोणी शिकविलेलें नाहीं. शाळेंत ‘साम्य सांगा, भेद सांगा’ असा प्रश्न येतो. मुलें दोन रकाने भरतात आणि गुण मिळवितात. वर्तमानपत्रांतले परीक्षक याहून फार पुढें गेले आहेत असें नाहीं. एक म्हणतो, मूळ ग्रंथाशीं इमान राखलें आहे. दुसरा म्हणतो, हा प्रसंग अमक्यावरून उचलला आहे. तिसरा नटाचा गळा वाखाणतो आणि हात झटकतो.

कुणब्याच्या घरीं ही चूक होत नाहीं. सावकाराची वही आणि आपल्या जवळची पावती ताडून पाहतांना तो वहीच्या पुठ्ठ्याचा रंग पाहत नाहीं. दहा रकमा जुळल्या म्हणून तो खूष होत नाहीं. अकरावी कोठें गेली तें विचारतो, कारण घर बुडतें तें त्या अकरावीनें. कुंभाराकडून मडकें घेतांना बाई आकारावर जात नाहीं. बोटानें वाजवून घेते. लुगडें घेणारी किनारीवर भाळली तरी पोत चिमटींत धरून पाहते. हीच रीत ग्रंथाला आणि बोलपटाला लावावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. ती लावली असतां काय निघतें, तें तुकोबांच्याच कथेवर दाखवितों.

तुकोबांची कथा आपल्यापुढें तीन ठिकाणीं आहे. पहिलें ठिकाण त्यांचा स्वतःचा गाथा. साडेचार हजारांच्या वर अभंग, आणि त्यांत आपली जात, आपला धंदा, दुष्काळ, दिवाळें, अभंगांचें बुडणें, हें सारें त्यांनीं स्वतःच्या तोंडानें सांगून ठेवलें आहे. दुसरें ठिकाण म्हणजे राहुरी तालुक्यांतील ताहाराबादच्या महिपतीचे ग्रंथ: १७६२ सालचा ‘भक्तविजय’ आणि १७७४ सालचा ‘भक्तलीलामृत’. तुकोबा गेल्यावर शंभर-सवाशें वर्षांनीं, लोकांच्या तोंडीं असलेल्या कथा गोळा करून ते रचलेले आहेत. तिसरें ठिकाण प्रभात कंपनीचा १९३६ सालचा बोलपट. दामले आणि फत्तेलाल यांनीं तो दिग्दर्शित केला, शिवराम वाशीकर यांनीं लिहिला, विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले आणि गौरी ही नटी जिजाई झाली. मुंबईंत तो वर्षाहून अधिक काळ चालला. १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला.

ही करणी लहान नव्हे. दामले-फत्तेलाल हे कोल्हापुरांत बाबूराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर, यांच्या हाताखालीं तयार झालेले कारागीर. बाबूराव सुताराच्या घरांतले. स्वतःच्या हातानें कॅमेरा बनविणारे. तेव्हां बोलपट म्हणजे हलकी करमणूक आणि ग्रंथ तेवढा पवित्र, असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं. बोलपट कारागिराच्या हाताचा आहे, म्हणूनच कारागिराच्या नजरेनें तो तपासला पाहिजे.

आधीं साम्य पाहूं. पोथींत तुकोबा दुसऱ्याच्या शेताची राखण करितात आणि भजनांत शेत विसरतात. बोलपटांतहि तें आहे. पोथींत अभंगाच्या वह्या इंद्रायणींत बुडतात आणि कोरड्या वर येतात, बोलपटांतहि येतात. शिवरायांनीं पाठविलेलें धन तुकोबा परत करितात, तें दोन्हींकडे आहे. शेवटीं सदेह वैकुंठाला जाणें दोन्हींकडे आहे. रकाना भरला! तरुणाचें म्हणणें खरें ठरलें! पण या रकमा जुळणाऱ्याच होत्या. त्या जुळल्या नसत्या तर लोकांनीं त्याला तुकोबांचा बोलपट म्हटलेंच नसतें. प्रसंग हा उभा दोरा आहे. तो सर्वांना तोच घ्यावा लागतो. कापड कोणाचें तें आडवा दोरा ठरवितो. प्रसंग कां घडला, कोणामुळें घडला, कोणत्या नियमानें घडला, याचें जें उत्तर दिलें जातें तो आडवा दोरा.

आतां भेद. पोथींत तुकोबांना छळणारीं माणसें मुख्यतः दोन आहेत. एक देहूचा मंबाजी गोसावी. तुकोबांच्या सासऱ्यानें, अप्पाजी गुळव्यानें, दिलेली म्हैस त्याच्या बागेंत शिरली. तेवढ्या निमित्तानें त्यानें कांट्याच्या फांद्या घेऊन तुकोबांना अंग फुटेपर्यंत झोडलें. त्या रात्रीं तो कीर्तनाला आला नाहीं, तर तुकोबा स्वतः त्याला बोलावण्यास गेले आणि मारून हात दुखले असतील म्हणून त्याचें अंग रगडूं लागले. हा मंबाजी काल्पनिक म्हणण्याची सोय नाहीं. तुकोबांची शिष्या बहिणाबाई ही जातीनें ब्राह्मण. तिनें आपलें चरित्र अभंगांत लिहून ठेवलें आहे, आणि त्यांत मंबाजीनें आपला कसा छळ केला, शूद्राला गुरु केलें म्हणून कसा जळफळाट केला, आपल्या गाईला कसें बडविलें, तें तिनें सांगितलें आहे. ही साक्ष डोळ्यांनीं पाहणारीची आहे.

दुसरा वाघोलीचा रामेश्वर भट्ट. हा मंबाजीसारखा दांडगा नव्हे. हा विद्वान, आचारवान, लोकांत मान असलेला. त्यानें कांटे उचलले नाहींत. त्यानें निवाडा दिला. तूं शूद्र, तुझ्या अभंगांतून वेदांचा अर्थ निघतो, तो बोलण्याचा तुला अधिकार नाहीं, सबब वह्या पाण्यांत बुडव. सरकारदरबारीं सांगून तुकोबांना गांवांतून काढण्याचीहि त्यानें खटपट केली. हें महिपती लिहितो. आणि महिपती स्वतः ब्राह्मण, गांवचा कुळकर्णी. सत्य लिहितांना त्यानें जात आड येऊं दिली नाहीं, याबद्दल त्याला आमचा नमस्कार आहे.

बोलपटांत खलपुरुष कोण? सालोमालो. गाथ्यांतील एका अभंगांत हें नांव येतें. दुसऱ्याचें तें आपलें म्हणणारा, असा त्यावर ठपका आहे. त्या चिमूटभर पिठाची बोलपटवाल्यांनीं मोठी भाकर थापली. सालोमालो तुकोबांचे अभंग आपले म्हणून गातो, मत्सरानें जळतो, तुकोबांना मोहांत पाडण्यास कलावंतिणीला पाठवितो, लोकांचे कान फुंकतो. रामेश्वरशास्त्रीहि बोलपटांत आहेत, वह्या बुडविण्याचा हुकूमहि आहे; पण प्रेक्षकाचा सारा राग आधींच सालोमालोनें ओढून घेतलेला असतो. शास्त्रीबोवा राहतात भारदस्त आणि भले. त्यांना चुकीच्या वाटेनें नेणारा मात्र तो लफंगा!

वाचकहो, हा भेद बारीकसारीक नाहीं. चोर सोडून संन्याशाला सुळी दिल्याची म्हण आपण ऐकतों. येथें चोराला सुळी देऊन न्यायाधीश सोडला आहे. सालोमालो चोर होता, हें कबूल. पण गाथा चोरानें बुडविला नाहीं. गाथा निवाड्यानें बुडविला. सालोमालो भला माणूस असता तर वह्या बुडाल्या नसत्या, असें बोलपट पाहून उठणाऱ्याला वाटतें. पोथी ऐकून उठणाऱ्याला वेगळें कळतें: रामेश्वर भट्ट भलाच माणूस होता, पुढें तो तुकोबांचा शिष्य झाला, त्यानें त्यांची आरती रचली, आणि तरीहि वह्या बुडाल्या. भल्या माणसाच्या हातून एवढा अधर्म करविणारी जी वस्तु, ती म्हणजे शूद्रानें ज्ञान बोलूं नये हा नियम. बोलपटानें माणूस वाईट दाखविला आणि नियम सुटला. माणूस मरतो, नियम राहतो. म्हणून राग कोणावर करावयाचा, हें जो शिकवितो तो फार मोठी गोष्ट शिकवितो.

आणि एका खलपुरुषावर सारें ढकललें म्हणजे आपल्या घरचेहि सुटतात, हें आम्ही लपवून ठेवणार नाहीं. तुकोबा गाथ्यांत म्हणतात कीं, गांवचा पाटील आपल्यावर कोपला, गांवचे लोक फिरले, आतां भीक तरी कोण घालील? हा पाटील कोण? पाटीलक्या बहुधा आमच्याच घरांत होत्या. निवाडा वाघोलींतून निघाला असेल, पण तो देहूंत बजावला गेला तो गांवच्या मुकाट्यानें. वह्या नदीकडे निघाल्या तेव्हां किती कुणबी आडवे पडले? कोणी पडल्याची कथा पोथींत नाहीं. ब्राह्मणेतर म्हणविणारांनीं हें पान जास्त वेळ उघडें ठेवावें. सालोमालोला शिव्या देणें फुकट आहे; पाटलाला आरसा दाखविणें जड जातें.

वह्या वर आल्या, हा चमत्कार दोन्हींकडे आहे. तो पोथींत ऐकला असतां ऐकणारा मध्येंच थांबवून बोवांना विचारूं शकतो. पडद्यावर वह्या पाण्यांतून वर येतांना दिसतात तेव्हां हात जोडले जातात आणि प्रश्न मिटतो. आमचें मत असें कीं, कागद बुडाले तरी अभंग लोकांच्या जिभेवर होते, शेत राखतांना आणि दळतांना पाठ झालेले होते, म्हणून ते बुडूं शकले नाहींत. ज्याला देवानें तारले म्हणावयाचें असेल त्यानें तसें म्हणावें. त्याच्याशीं आमचें भांडण नाहीं. पण कसे तरले यांत गुंग होऊन कोणी आणि कां बुडविले तें विसरूं नये.

आतां दुसरा भेद: दारिद्र्य आलें कोठून? गाथ्यांत तुकोबा सांगतात कीं, जातीनें शूद्र, धंदा वाण्याचा. १६३० च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ पडला, भांडवल गेलें, पत गेली, आणि एक बायको अन्न अन्न करीत मेली. ती पहिली बायको रखमा. बोलपटांत रखमा नाहीं. बोलपट उघडतो तेव्हां तुकोबा आधींच विरक्त झालेले, भजनांत बुडालेले. आणि जिजाई घरांत दाणा नाहीं म्हणून तळतळते आहे. म्हणजे पाहणाऱ्याच्या मनांत हिशेब असा बसतो कीं, धनी भजनाला लागला म्हणून घर उपाशी राहिलें. गाथ्याचा हिशेब अगदीं उलट आहे. आधीं दुष्काळानें घर मोडलें, आधीं बायको भुकेनें मेली, आणि त्या आगींतून तो माणूस विठ्ठलाकडे वळला. भुकेच्या आधीं भक्ति कीं भक्तीच्या आधीं भूक, हा क्रम बदलला कीं सारी कथा बदलते. पहिल्या क्रमानें कुणबी आपल्या खोड्यानें दरिद्री ठरतो. दुसऱ्या क्रमानें तो दरिद्री कशानें झाला तें विचारावें लागतें. कुणब्याच्या दारिद्र्याचें कारण त्याच्या स्वभावांत शोधणारे लोक आम्हांला आजहि भेटतात.

याच दुष्काळाशीं जोडलेली पोथींतली एक गोष्ट प्रत्येक कर्जदार घरानें पाठ करावी. तुकोबांच्या घरीं सावकारी होती. त्यांनीं कुळांचीं खतें काढलीं. निम्मीं धाकट्या भावाला, कान्होबाला, त्याच्या वाट्याचीं दिलीं आणि आपल्या वाट्याचीं इंद्रायणींत सोडून दिलीं. म्हणजे त्या नदींत कागद दोनदां बुडाले. एकदां एका सावकारानें आपल्या हातानें गरिबांचीं बंधनें बुडविलीं. एकदां दुसऱ्याच्या हुकुमानें त्याच माणसाचें ज्ञान बुडविलें गेलें. दुसऱ्या बुडण्याचा गाजावाजा तीनशें वर्षें झाला. पहिल्याची आठवण किती कीर्तनांत निघते? पहिले कागद वर आले नाहींत, आणि तो आमच्या मतें मोठा चमत्कार आहे.

इतकें वाचून कोणी म्हणेल कीं, हे लोक बोलपटाचे वैरी आहेत. तसें नाहीं. वजनांत एका बाजूला पडलेलें सारें दाखविलें, तसें दुसऱ्या बाजूचेंहि दाखविलें पाहिजे. पोथीवाल्यांनीं जिजाईला कजाग म्हणून रंगविलें. संताची बायको म्हणजे संताची परीक्षा पाहणारी आवली, एवढीच तिची गणना. बोलपटानें तिला माणूस केलें. गौरीनें उभी केलेली जिजाई म्हैस सांभाळते, चूल सांभाळते, पोरें सांभाळते; पोरगा तापानें फणफणला तेव्हां काळ्या विठोबाला जाब विचारण्यास पायतण घेऊन देवळांत शिरते. शेवटीं तुकोबा वैकुंठाला बोलावितात तेव्हांहि ती संसार सोडून निघत नाहीं. पोरांना भाकर कोण घालणार? तुकोबा वर जातात, जिजाई खालीं राहते. बोलपट पाहणाऱ्या किती बायांना त्या क्षणीं आपलें घर दिसलें असेल! महिपतीला जें दिसलें नाहीं तें येथें कारागिराला दिसलें. म्हणून ग्रंथ जुना तेवढा खरा आणि बोलपट नवा तेवढा खोटा, हेंहि माप मोडकें आहे.

एक गंमतीची गोष्ट. या बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं बीज आणि तरु यांच्यावर एक गाणें रचलें. केशवराव भोळे यांनीं चाल दिली. तें इतकें साधलें कीं लोकांनीं तें तुकोबांचेंच समजलें. आजहि भजनांत तें गाऊन शेवटीं तुकोबांचा जयजयकार होतो. गाथ्यांत मात्र तें कोठेंहि नाहीं. तुकोबांचे अभंग आपल्या नांवावर खपविणाऱ्या सालोमालोची निंदा करणारा बोलपट, आणि त्याच बोलपटांतलें दुसऱ्याचें गाणें तुकोबांच्या नांवावर चढलें! यांत आठवल्यांचा दोष नाहीं. उलट त्यांच्या लेखणीचा तो मान आहे. दोष आमचा, कारण आम्हीं गाथा उघडून पाहिला नाहीं. जो समाज स्वतःच्या कवीचा गाथा उघडीत नाहीं, त्याच्या गाथ्यांत कोणीहि कांहींहि घालूं शकेल आणि कांहींहि काढूं शकेल. यावेळीं चांगलें गाणें आंत आलें. दर वेळीं चांगलेंच येईल याचा जामीन कोण?

आतां दोन बोलपटच शेजारीं ठेवूं. ‘संत तुकाराम’च्या आधीं एकच वर्ष, १९३५ सालीं, याच प्रभात कंपनीनें एकनाथांवर ‘धर्मात्मा’ काढला. बालगंधर्व एकनाथ झाले. त्याचें नांव आधीं ‘महात्मा’ होतें; गांधींचा वास येतो म्हणून परीक्षण मंडळानें हरकत घेतली आणि नांव बदलावें लागलें. रकाने भरावयाचे तर हे दोन बोलपट जुळे भाऊ वाटतील. दोन्हींकडे संत, दोन्हींकडे सोंवळ्याचा अधिकार मिरविणारा वैरी, दोन्हींकडे छळ, दोन्हींकडे शेवटीं संताचा जय. पण वाजवून पाहा. एकनाथ ब्राह्मण आहेत आणि अस्पृश्याच्या घरीं जेवतात. तेथें वाद उघडउघड जातीच्या नियमाशीं आहे. तुकोबा शूद्र आहेत आणि वेदांचा अर्थ बोलतात. येथें वादाचें तोंड फिरवून तें मत्सराकडे वळविलें आहे. वरचा मनुष्य खालीं वाकला तर त्याला धर्म म्हणावयाचें आणि नियमाला उघड नांव ठेवावयाचें. खालचा मनुष्य ताठ उभा राहिला तर नियमाचें नांव न घेतां एका लफंग्याचें नांव घ्यावयाचें! बोलपटवाल्यांच्या मनांत काय होतें तें आम्ही सांगत नाहीं. आम्ही पडद्यावर काय उरलें तें सांगतों. एकनाथांची थोरवी आम्हांला मान्य आहे. पण दया ही देणाऱ्याची असते आणि हक्क हा घेणाऱ्याचा असतो, हा भेद ज्याला दिसत नाहीं त्यानें तुकोबांवर बोलूं नये.

पुढें २०१२ सालीं चंद्रकांत कुलकर्णी यांनीं ‘तुकाराम’ हा नवा बोलपट काढला. जितेंद्र जोशी त्यांत तुकोबा झाले. त्यांत तुकोबांचें लहानपण आलें, घरचा व्यापार आला, दुष्काळ आला, रखमा आली, आणि मंबाजीहि आला. परीक्षकांनीं लागलीच तुलना मांडली ती पागनीसांचा गळा गोड कीं जोशांचा अभिनय सरस, अशी. आम्हांला ती तुलना बिनकामाची वाटते. शहात्तर वर्षांनंतर रखमा पडद्यावर परत आली, भूक आपल्या जागीं परत आली, हा खरा भेद. आणि तो नव्या बोलपटाच्या जमेला धरला पाहिजे. जुना बोलपट कलेनें उजवा ठरला तरी ही जमा पुसली जात नाहीं.

दोन आक्षेप येतील, त्यांचा निकाल लावूं. पहिला असा कीं, कलेंत हा जातीचा वाद कां घुसडतां? उत्तर: आम्हीं तो घुसडला नाहीं. तुकोबांनीं तो स्वतः आपल्या अभंगांत मांडला आहे. आपल्याला कुणबी केलें हें बरें झालें, नाहींतर दंभानें मेलों असतों, या अर्थाचें ते बोलून गेले आहेत. ज्यानें तो वाद काढून टाकला त्याला विचारा कीं, कलेंतून तो वजा कां केला. दुसरा आक्षेप असा कीं, महिपती तरी कोठें डोळ्यांनीं पाहत होता? त्यानें ऐकीव लिहिलें, बोलपटवाल्यांनीं कल्पित लिहिलें, फरक काय? हा आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच शेवटचा शब्द पोथीला नाहीं आणि बोलपटालाहि नाहीं. तो गाथ्याला आहे. ज्याची कथा त्याचें बोलणें शिल्लक असतांना इतरांचीं बोलणीं त्याच्या मापानें मोजावीं. तुकोबांच्या बाबतींत तें माप आपल्या हातीं आहे. असें भाग्य फार थोड्या कुणब्यांच्या वाट्याला आलें आहे.

तेव्हां घरांतल्या मुलांना ‘साम्य सांगा, भेद सांगा’ असा प्रश्न आला कीं त्यांनीं पुढील पांच गोष्टी विचाराव्या. एक, दोन्हींकडे दोष कोणावर ठेवला आहे: माणसावर कीं नियमावर? दोन, मूळांत असलेलें कोण नाहींसें झालें, आणि तें नाहींसें झाल्यानें कोणाची सोय झाली? तीन, गरिबी कोठून आली असें दाखविलें आहे? चार, बाईला काय काम दिलें आहे. ती रडते, भांडते, कीं घर चालविते? पांच, ज्याची कथा आहे त्याचें स्वतःचें बोलणें कोठें मिळतें, आणि तें आपण वाचलें काय? हे प्रश्न तुकोबांपुरते नाहींत. जोतीरावांवर बोलपट निघोत, शिवरायांवर निघोत, सावित्रीबाईंवर निघोत. एखाद्या कादंबरीवर निघोत. हीच पारख लावावी. नट कसा होता आणि गाणें कसें होतें, हें त्यानंतर खुशाल बोलावें.

पोथी बंद करा असें आम्ही म्हणत नाहीं, बोलपट पाहूं नका असेंहि म्हणत नाहीं. आज तर तो प्रत्येकाच्या खिशांतल्या फोनवर आहे. गाथाहि तेथेंच आहे. सप्ताहांत दिवसां पोथी लागूं द्या, रात्रीं पडदा बांधूं द्या, आणि सकाळीं काल्याच्या आधीं घटकाभर गाथा उघडून या दोहोंची झडती घ्या. वाचावयास तो शिकलेला तरुण बसूं द्या आणि विचारावयास ती म्हातारी. तिच्या प्रश्नाचें उत्तर आम्ही येथें देऊन ठेवतों. आजी, मंबाजी कुठंहि गेलेला नाहीं. “ती बारीकसारीक गोष्ट आहे” असें म्हणून जेव्हां जेव्हां आपल्या दुःखांतलें नेमकें नांव गाळलें जातें, तेव्हां तेव्हां तो त्या गाळलेल्या जागेंत बसलेला असतो. तुम्हीं विचारीत राहावें.